चार रंगरूट आणि एक विमान

सोळा राष्ट्रे एकत्र बसतात. त्यांत अमेरिका आहे, रशिया आहे, चीन आहे, जपान आहे, आणि आपला भारतही आहे. आकाशातून परकी याने उतरली आहेत, माणसे दिवसाढवळ्या नाहीशी होत आहेत, मानवजात राहते की जाते असा प्रसंग आहे. या सोळा राष्ट्रांनी खलबते करून, तिजोऱ्या उघडून, जमिनीच्या पोटात गुप्त तळ खोदून रणांगणावर किती माणसे पाठवावीत? चार. अक्षरी चार फक्त. वाचकांनी डोळे चोळून पुन्हा वाचावे. छापण्यात चूक झालेली नाही.

हा प्रताप 'एक्सकॉम : एनिमी अननोन' या खेळाचा. अमेरिकेतल्या फिरॅक्सिस कंपनीने तो २०१२ साली बाजारात आणला आणि डावपेचांच्या खेळांचा मुकुटमणी म्हणून जगाने तो डोक्यावर घेतला. नवख्याला खेळ शिकवण्यासाठी त्यात एक पहिली मोहीम दिली आहे. जर्मनीत चार शिपाई उतरतात. चारांतले तीन मरतात. खेळणाऱ्याची चाल चुकली म्हणून मरतात असेही नाही. त्यांनी मरायचे हे खेळ करणाऱ्याने आधीच लिहून ठेवले आहे. त्यांना मरणाच्या चौकटीत नेऊन उभे करण्याचे काम तेवढे खेळणाऱ्याच्या बोटांकडून करवून घेतले जाते. चौथा तळावर परततो, त्याला बढती मिळते, आणि खेळ पुढे सरकतो. बालवाडीत पोराला पहिले अक्षर गिरवायला द्यावे, तसे या खेळाने दिलेले हे पहिले अक्षर आहे : माणूस खर्चायचा असतो!

बार्शी तालुक्यातल्या वैरागच्या आमच्या पत्राने असले विषय हाती घ्यावेत काय, असे विचारणारे विचारोत. नगरपंचायतीचे पाणी आणि बार्शी रस्त्यावरचे खड्डे संपले काय, असेही विचारोत. ते संपलेले नाहीत आणि त्यांना आम्ही सोडलेलेही नाही. पण याच वैरागात पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने पोरे रनिंग मारत असतात. कोणाला पोलीस व्हायचे आहे, कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाचे ग्राउंड निघाले पण लेखीत दोन मार्कांनी गेले, कोणी मेडिकलला अडकला. आणि यांतलीच काही पोरे रात्री एका खोलीत, एका जुन्या लॅपटॉपभोवती, हाच खेळ खेळत बसलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. खेळातल्या शिपायांना नावे देता येतात, म्हणून त्यांनी आपल्याच दोस्तांची नावे दिली होती. पडद्यावर एक बंद दार होते. दारामागे काय आहे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांतला एक अगदी सहज म्हणाला, "सोन्याला पाठव की दार उघडायला. नवीन हाय. गेला तर गेला." आणि खरा सोन्या शेजारीच बसून शेंगा खात हसत होता.

सोन्या हसला, आम्हाला हसू आले नाही. पोरांचा यात काडीचा दोष नाही. या खेळात जिंकायचे असेल तर असेच खेळावे लागते, असा त्याचा हिशेबच मांडलेला आहे. मुरलेल्या शिपायाला मागे ठेवा, नवख्याला पुढे ढकला, शत्रू कोठे दडला आहे ते नवख्याच्या मरणाने कळू द्या. १९९४ साली ज्युलियन गॉलॉप या इंग्रज कल्पकाने 'यूएफओ : एनिमी अननोन' हा या घराण्याचा मूळपुरुष जन्माला घातला, तेव्हापासून तीस वर्षे जगभरची पोरे हीच विद्या गिरवीत आली आहेत. तिला डावपेच म्हणतात. आम्ही तिला सावकारी म्हणतो.

सावकारी म्हणण्याला चोपडीचा पुरावा आहे. त्या १९९४ च्या खेळात एक शिपाई नेमायला चाळीस हजार डॉलर पडतात. शास्त्रज्ञाला साठ हजार. लोखंडी रणगाडा घ्यायचा तर चार लाख वीस हजार. म्हणजे एका रणगाड्याच्या मोलात साडेदहा माणसे! मग कोणता शहाणा सेनापती रणगाडा पुढे घालील? माणसेच घालील. शास्त्रज्ञ शिपायाच्या दीडपट किमतीचा, आणि त्याला तळावरून कोणी दार उघडायला पाठवीत नाही. चोपडीत ज्याची किंमत कमी त्याचे मरण स्वस्त. आणि खेळाचे गणित इतके चोख की खेळणाऱ्याला आपण काही वावगे करतो आहोत असे क्षणभरही वाटू नये.

आता ही माणसे निवडतात कशी ते पाहा. आमच्या पोराला पोलीस भरतीला उभे राहायचे तर उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त लागते, १६०० मीटर पळावे लागते, गोळा फेकावा लागतो, शंभर मार्कांची लेखी द्यावी लागते, आणि एवढे करून मेडिकलला तळपाय सपाट निघाला की घरी यावे लागते. एका तालुक्याच्या ठाण्यात दंडुका घेऊन उभे राहण्यासाठी एवढी चाळण! आणि जिथे साऱ्या पृथ्वीचा प्रश्न आहे तिथे? एक बटण दाबायचे. दोन-तीन दिवसांत माणूस दारात हजर. त्याचा नेम कसा, धीर किती, हे तो आल्यावर कागदावर कळते. १९९४ च्या खेळात धीराचा आकडा कोणाचा दहा, कोणाचा साठ. सारा फाशांचा खेळ. दहावाला निघाला तर तो साथी मरू लागताच हातातली बंदूक टाकून पळतो. सोळा राष्ट्रांच्या फौजांतून, कमांडो पथकांतून निवडून आलेला हा नग! कोणी निवडला? कोणत्या मैदानावर? ग्राउंड कोणी घेतले? सोळा राष्ट्रांत मिळून एक शिट्टीवाला हवालदार नव्हता काय?

बरे, आला तो आला, त्याला शिकवाल तरी! तळावर प्रयोगशाळा आहे, कारखाना आहे, कोठार आहे, विमानांची जागा आहे, झोपायच्या खोल्या आहेत. नेमबाजीचे मैदान मात्र नाही. २०१२ च्या आवृत्तीत तर शिपाई तळावर घाम गाळून व्यायाम करताना दिसतात, पण महिनाभर व्यायाम करूनही त्यांच्या नेमात एका गुणाची भर पडत नाही. नेम सुधारायचा एकच मार्ग : रणात जा, आणि जगलात तर सुधारा. पहिला बळी घेतला की मग यंत्र ठरवते, हा लांबून नेम धरणारा, हा तोफवाला, हा वैदू. ज्याने हातबॉम्ब फेकून बळी घेतला त्याच्या हाती दुर्बिणीची बंदूक येते, आणि ज्याने दूरवरून अचूक टिपला त्याच्या पाठीवर अग्निबाणाची नळी चढते. ज्यांत हुशारी बघून नेमणूक होत नाही अशी सरकारी खाती आम्ही खूप पाहिली, पण मानवजातीच्या रक्षणाचे खातेही तसेच चालते हे पाहून आमच्या तालुक्यातल्या बाबूंनाही हायसे वाटेल. २०१६ च्या दुसऱ्या भागात मात्र रंगरुटाला शिकवायची शाळा एकदाची उघडली. बावीस वर्षांनी! आणि तीत एका वेळी किती जण शिकतात? एक.

यावरही कडी आहे. चारांऐवजी पाच माणसे न्यायची असतील तर काय करावे? विमानात जागा आहे, बरॅकीत माणसे रिकामी बसली आहेत, तिकडे शहर जळते आहे. पण पाचवा चढू शकत नाही! आधी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणालय बांधा, मग कोणीतरी सार्जंट होईपर्यंत थांबा, मग पैसे मोजा, मग पाचव्याला परवानगी. सहाव्यासाठी पुन्हा वेगळे पैसे. मंत्रालयात फाईल सरकवायला यापेक्षा कमी हेलपाटे पडतात. आणि गंमत अशी की १९९४ च्या खेळात त्याच नावाच्या विमानातून चौदा जण जात असत. अठरा वर्षांत जगाची प्रगती झाली ती ही : चौदाचे सहा झाले, आणि सहासाठीही हप्ते भरायचे!

विमान तरी किती? एक. तीन खंडांतल्या तीन शहरांत एकाच वेळी माणसे पळवून नेली जात आहेत, आणि खेळ विचारतो : यांतले कोणते एक वाचवता? दोन शहरांत हाहाकार माजतो, ती राष्ट्रे घाबरतात, रागावतात, आणि अखेरीस परिषद सोडून जातात. त्यांच्या त्या सोडून जाण्याला खेळ घबराट म्हणतो! अहो, आमच्या बार्शी आगाराकडे एसटीच्या गाड्या एकाहून जास्त आहेत. एक बिघडली तर दुसरी सोडतात, उशिरा का होईना सोडतात. सोळा राष्ट्रांना मिळून दुसरे विमान जमले नाही, आणि ज्यांची शहरे उघड्यावर टाकली त्यांनी तक्रार केली तर ती राष्ट्रे भित्री!

खेळाच्या कैवाऱ्यांना विचारले की ती सोळा राष्ट्रांची सैन्ये या काळात करतात काय, तर ते डोके खाजवतात. एकट्या भारताच्या खड्या सैन्यात दहा लाखांहून अधिक जवान आहेत. खेळात त्यांची एकही तुकडी पडद्यावर येत नाही. पोलीस येत नाहीत, होमगार्ड येत नाहीत. नागरिक येतात ते केवळ जागच्या जागी उभे राहून किंचाळायला. ना कोणी वाट दाखवतो, ना कोणी दार लावून घेतो, ना कोणी गच्चीवरून दगड भिरकावतो. जणू वरून चार माणसे उतरेपर्यंत मरायचे एवढेच सामान्य माणसाचे कर्तव्य!

आम्हाला हे सांगू नका. आमची शीव निजामाच्या मुलखाला लागून होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतर देश स्वतंत्र झाला, पण शिवेपलीकडे धाराशिव, तुळजापूर, परांडा निजामाच्याच टाचेखाली राहिले. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा सेनापती होऊन गर्जत होता, आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने भरभरून शस्त्रे हैदराबाद संस्थानात उतरवत होता. आकाशातून परकी शस्त्र उतरण्याचा अनुभव आमच्या या भागाने घेतलेला आहे, तो काही खेळात नाही! तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन सीमेवर जागोजागी कॅम्प उभे राहिले. त्या कॅम्पांतले रंगरूट कोण होते? शाळामास्तर, विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरे. शस्त्रे तुटपुंजी, जी मिळतील ती. पण त्यांना मुलूख ठाऊक होता, ओढा कोठे उतरता येतो ते ठाऊक होते, कोणत्या वाड्यात रझाकार जेवतात ते ठाऊक होते, आणि शिवेवरच्या गावांत त्यांच्यासाठी चुली पेटत होत्या. तिथे नवखा होता म्हणून कोणी कोणाला दारावर ढकलले नाही. जो गेला तो परत यावा म्हणून बाकीचे जागत बसले.

आणि पुढे खरे सैन्य निघाले तेव्हा काय झाले? १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखाली चिलखती डिव्हिजन सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडले. दुसरी धार विजयवाड्याकडून आली. आणखीही बाजूंनी तुकड्या शिरल्या, वरून विमाने होती. १७ सप्टेंबरला निजामाने हात वर केले. पाच दिवस! राज्यकर्त्यांना लढायचेच असते तेव्हा ते असे लढतात. दिल्लीने चार माणसे पाठवून त्यांतला एक सार्जंट होण्याची वाट पाहिली नाही, आणि पाचव्याच्या परवानगीसाठी सरदार पटेलांनी वर्गणी गोळा केली नाही. तेरा महिने दिल्ली थांबली त्याचा आमच्या भागाला राग होता, तो योग्यही होता. त्या तेरा महिन्यांत पलीकडच्या गावांनी जे सोसले ते कोणत्याही इतिहासात पुरते उतरलेले नाही. पण निघाल्यावर हिशेब रणगाड्याच्या किमतीचा झाला नाही.

तंत्रज्ञानाचा त्या खेळातला कारभार तर याहून अजब आहे. १९९४ च्या खेळाची कथा १९९९ साली घडते. तळावर दहा शास्त्रज्ञ. ते काही आठवडे बसतात आणि लेसरची बंदूक काढतात. गोळ्या लागत नाहीत, कधी संपत नाही! साऱ्या जगाच्या विद्यापीठांना, संरक्षण प्रयोगशाळांना जे जमले नाही ते दहा जणांनी केले. मग ही बंदूक सोळा राष्ट्रांच्या सैन्यांना द्यावी की नाही? छे! ती बाजारात विकतात. लेसरची तोफ पावणेदोन लाखांवर खर्चून बनवायची आणि दोन लाखांवर विकायची, हा तर मुरलेल्या खेळाडूंचा हमखास धंदा. घेणारा कोण, विचारू नका. पावती नाही, परवाना नाही. आणि एवढ्या तोफा विकूनही पुढच्या लढाईत एकाही देशाचे एकही विमान ती तोफ घेऊन मदतीला आलेले दिसत नाही. गेल्या कोठे?

शत्रूची शस्त्रे हाती लागतात, त्यांचीही तऱ्हा तीच. परग्रहाच्या प्राण्याने ज्या बंदुकीने आपले तीन गडी लोळवले ती बंदूक त्याच्या प्रेताशेजारी पडली आहे. उचला, चालवा! नाही. आधी तिच्यावर संशोधन, मग तिच्या काडतुसावर संशोधन, मग परवानगी. तोवर ती विकता मात्र येते! म्हणजे जी चालवायची अक्कल नाही ती विकायची अक्कल पहिल्या दिवसापासून आहे. २०१२ च्या खेळाने ही अडचण आणखी झकास सोडवली : शत्रू मेला की त्याची बंदूक आपोआप फुटते. ती शाबूत हवी तर शत्रूला जिवंत पकडा. जिवंत पकडायचे तर विजेचा झटका देणारे यंत्र हवे, ते यंत्र हवे तर आधी संशोधन, आणि ते यंत्र चालवायला त्या प्राण्याच्या अगदी अंगाला भिडावे लागते. कोण भिडणार? ओळखलेत. सोन्या.

तंत्र असे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आपोआप पुढे सरकत नाही, हे महाराष्ट्राला साडेतीनशे वर्षांपूर्वी कळले होते. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे लढाऊ जहाजे बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कसबी आणि त्याची माणसे कामावर होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे कान फुंकले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. कसब माणसाच्या हातात राहते, आणि माणूस उठून गेला की कसब उठून जाते. महाराजांचे आरमार तरीही उभे राहिले ते येथल्या हातांनी. या खेळातले शास्त्रज्ञ कधी उठून जात नाहीत, कधी आजारी पडत नाहीत, कधी पगार वाढवा म्हणत नाहीत. पट्टी भरत जाते आणि शंभर टक्क्यांवर बंदूक बाहेर पडते. ज्याने कधी लेथवर नट कापलेला नाही त्यानेच विज्ञानाची ही कल्पना केली असली पाहिजे.

आणि केवळ उत्तम तोफ हाती आली म्हणून लढाई जिंकता येत नाही, याचा दाखला जालन्याजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी मिळाला. शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोडीच्या होत्या. गोलंदाज तर असे की तोफ सोडून हलले नाहीत, तोफेजवळच कापले गेले. शत्रूनेही त्यांना मान दिला. नासले होते ते वर. त्याच महिन्यात उत्तरेत शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ कंपनी सरकारशी बोलणी करून चाकरी सोडून निघून गेला. रंगरूट अस्सल, तंत्र अस्सल, आणि वरचा सेनापती भाडोत्री! या खेळांनी नेमके उलटे चित्र रंगवले आहे. वरचा सेनापती अचूक, कारण तो म्हणजे आपण, खेळणारा. आणि खालचा शिपाई असा की दोन पावलांवरच्या शत्रूला पंच्याण्णव टक्के खात्रीने नेम धरून भिंतीला गोळी घालतो. पराभव झाला की दोष शिपायाचा. सेनापती मागची नोंद उघडतो आणि लढाई पुन्हा सुरू करतो.

खेळाचे १९९९ आम्ही पाहिले. आता आपले १९९९ आठवा. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात आपल्या मिराज विमानांनी टायगर हिलवर लेसरने दिशा दिलेले बॉम्ब टाकले. लेसर होता, अगदी खेळात असतो तसा. तरी ती टेकडी लेसरने घेतली नाही. ती घ्यायला माणसे रात्री दोराला लटकून कडा चढली. त्यांत अठराव्या ग्रेनेडिअर्सचा योगेंद्रसिंग यादव होता, वय १९. खेळाच्या भाषेत रंगरूटच. अंगात गोळ्या घुसलेल्या असताना तो चढला, लढला, आणि पुढे परमवीर चक्राचा मानकरी झाला. त्याच्या धीराचा आकडा फाशाने पडलेला नव्हता. तो घातक पलटणीत होता, त्याला शिकवले होते, आणि जो जवान घडवायला वर्षे लागली त्याच्या मागे तोफखाना गर्जत होता, पुढे विमाने होती, आणि खांद्याला खांदा लावून दुसऱ्या पलटणी होत्या. यांतले एकही त्या खेळाला दाखवता आले नाही.

'अहो, खेळच तो!' हे उत्तर आम्हाला पाठ आहे. खेळ तर बुद्धिबळही आहे. पण बुद्धिबळातले प्यादे लाकडाचे असते, त्याच्या पाठीवर तिरंगा नसतो. या खेळात शिपायाच्या पाठीवर त्याच्या देशाचा झेंडा असतो, त्याला नाव असते, गाव नसले तरी देश असतो, मेल्यावर त्याचे नाव भिंतीवर लागते. भारताचा शिपाई अमेरिकन धाटणीचे इंग्रजी बोलतो ते सोडा. माणूस म्हणून रडायला लावायचे आणि काडतूस म्हणून वापरायला लावायचे, हे दोन्ही एका दमात करणाऱ्याने 'खेळच तो' म्हणून हात झटकू नयेत.

दुसरे उत्तर जास्त चलाखीचे आहे. म्हणे कथेच्या शेवटी उलगडते की ते परग्रहवासी माणसाची परीक्षाच घेत होते, म्हणून त्यांनी आधी दुबळे प्राणी पाठवले आणि बळकट मागून. वाहवा! म्हणजे आपल्या चार रंगरुटांची व्यूहरचना शहाणपणाची ठरावी म्हणून शत्रूलाच मूर्ख व्हावे लागले. आणि याच कंपनीने २०१६ साली दुसरा भाग काढला, त्याची कथा कोठून सुरू होते? माणसे लढाई हरली, वीस वर्षे पृथ्वीवर परक्यांचे राज्य आहे, तिथून. घ्या! आम्ही तावातावाने इतके लिहिले ते निर्मात्यांनी एका वाक्यात मान्य करून टाकले. चार माणसे आणि एक विमान घेऊन पृथ्वी वाचत नसते, हे त्यांनाही ठाऊक होते.

पण आमचा राग केवळ सातासमुद्रापलीकडच्या कंपनीवर खर्च व्हावा असे कोणाला वाटत असेल तर त्याने आणखी एक परिच्छेद वाचावा. १४ जून २०२२ रोजी आपल्याकडे अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षे सेवा, मग जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करायचे, बाकीच्यांना एकरकमी निधी देऊन निरोप. हेतू सांगितला तो फौज तरुण आणि तंत्रकुशल करण्याचा. तरुण हवी हे मान्य. तंत्र हवे हेही मान्य. पण शिपायाचा अनुभव ही काही वर्षांनी खर्ची टाकायची बाब आहे, हे गणित कोठे शिकलात? निदान तो परदेशी खेळ तरी मुरलेल्या शिपायाला जीव की प्राण जपतो. त्याला घरी पाठवत नाही. वैरागच्या रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या पोराला आम्ही पळू नको म्हणणार नाही. पळ बाबा. पण चारांतले तीन बाहेर, हा आकडा कागदावर पाहताना आम्हाला त्या जर्मनीतल्या पहिल्या धड्याची आठवण झाली, आणि ती कोणी आमच्या डोक्यात भरवलेली नाही, आकड्यांनीच भरवली.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. खेळ करणाऱ्यांनी तळावर एक मैदान बांधावे, रंगरुटाला आधी शिकवावे, मग मारावे. दुसरे विमान घ्यावे. विकलेल्या लेसर तोफांच्या पावत्या जगाला दाखवाव्यात. पाचव्या माणसाकडून भाडे घेणे बंद करावे. आणि हे होत नसेल तर भारत सरकारने त्या सोळांच्या परिषदेतून पहिल्याच महिन्यात बाहेर पडावे, वर्गणी बंद करावी, खेळाने खुशाल भ्याड म्हणावे. परग्रहवासी उतरलेच, आणि बार्शी तालुक्यातच उतरले, तर त्या चार जणांची वाट कोणी बघणार नाही. गावकरी ओढ्याच्या वाटा दाखवतील, सोरेगावहून राखीव दलाचा गट दहा निघेल, सोलापूरच्या रस्त्याला पुन्हा डिव्हिजन लागेल. सोन्याही जाईल. पण त्याला दारावर एकटा कोणी पाठवणार नाही.